पावसाळ्याआधी सर्व्हरच्या मागच्या नऊ पिनांच्या पोर्टला एकदा केबल लावून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेले पंधरा दिवस तुमच्या पेपरात पावसाळ्याच्या तयारीच्या बातम्या रोज येतायत, कुठला नाला साफ झाला, कुठे पंप बसले, कुठल्या झाडाच्या फांद्या अजून तोडायच्या राहिल्यात, आणि मी त्या सकाळी डोंबिवलीच्या गाडीत उभ्या उभ्या सगळ्या वाचतो. पण एका तयारीबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. विषय थोडा टेक्निकल आहे, पण ज्यांचं पतसंस्थेत खातं आहे, ज्यांची ट्रस्टच्या हॉस्पिटलात फाइल आहे त्या सगळ्यांशी त्याचा संबंध येतो, त्यामुळे जागा काढून पूर्ण छापाल अशी आशा करतो.

मी अठरा वर्षं मुंबईतल्या छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. दोन पतसंस्था, एक ट्रस्टचं हॉस्पिटल, एक शाळा. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये असतात, तिथे चोवीस तास माणसं असतात, दोन-दोन जनरेटर असतात. आमचे सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत, रेकॉर्डच्या कपाटाशेजारी, नाहीतर मॅनेजरच्या केबिनमागे पार्टिशन टाकून ठेवलेले. तिथे आयटीचं म्हणून कोणी बसत नाही. मी डोंबिवलीहून रिमोटने बघतो आणि आठवड्यातून एकदा जाऊन येतो.

गेल्या जुलैत एका रात्री धो धो पाऊस होता आणि मध्य मुंबईतल्या एका पतसंस्थेत रात्री दीडच्या सुमारास लाइट गेली. यूपीएसने पाऊण तास काढला आणि मग तोही बसला. साडेतीनला लाइट आली, सर्व्हर आपोआप चालू झाला, वॉचमन काकांनी फोनवर सांगितलं की पंखे फिरतायत आणि पुढची हिरवी लाइट पण लागलीय, पण माझ्याकडे काहीच दिसेना. पिंगला उत्तर नाही, एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या रस्त्याने, आत शिरता येईना. पाचला स्टेशनवर गेलो तर कुर्ला-सायनमध्ये ट्रॅकवर पाणी, गाड्या पुढे सोडत नव्हते, तासभर उभा राहून घरी परत आलो. संस्थेत एक नवीन मुलगा लागलाय, बावीस वर्षांचा, शेजारच्याच चाळीत राहतो, मला दादा म्हणतो. तो बिचारा गुडघाभर पाण्यातून सात वाजता ऑफिसात पोचला आणि तिथून आमचा खरा प्रॉब्लेम सुरू झाला.

"दादा, मॉनिटर कुठला लावू?" हा त्याचा पहिला प्रश्न. सर्व्हरच्या मागे व्हीजीएचं सॉकेट, काउंटरवरचे सगळे मॉनिटर एचडीएमआयचे. कन्व्हर्टर नाही. शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्यांनी स्वतःच्या दुकानातला जुना मॉनिटर सोडवून दिला, तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणला, तोपर्यंत नऊ वाजले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचे फोटो. अर्ध्या फोटोत ट्यूबलाइट चमकतेय, अर्ध्यात अक्षरं हललेली, आणि मला जी ओळ पाहिजे ती वर निघून गेलेली. पाचव्या-सहाव्या फोटोत कळलं की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबलंय आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागतंय. झालं काय होतं, लाइट परत आली तेव्हा झटक्यात बॅकअपच्या यूएसबी हार्डडिस्कचा अ‍ॅडॉप्टर जळला. ती डिस्क एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, लिहिलेली होती, बूट होताना सिस्टीमने तिची दीड मिनिट वाट बघितली, डिस्क मिळाली नाही आणि पुढे जायचं नाकारलं. नेटवर्क सुरू होण्याआधीच सगळं थांबलं. त्या ओळीत मी 'नोफेल' हा एक शब्द टाकला असता तर डिस्क नसतानाही मशीन उठलं असतं. ती चूक माझी, मी संस्थेलाही तसंच सांगितलं.

दुरुस्ती म्हणजे काय, त्या फाइलमधल्या एका ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकायचं, म्हणजे सिस्टीम ती ओळ सोडून देते, आणि रीबूट करायचं. मी कीबोर्डपाशी असतो तर दोन मिनिटांचं काम. त्या मुलाने आयुष्यात कधी व्हीआय एडिटर, म्हणजे फाइल बदलायचा प्रोग्रॅम, उघडला नव्हता. मी फोनवर एकेक अक्षर सांगतोय, तो टाइप करतोय, स्लॅश म्हटलं की त्याचा हात बॅकस्लॅशवर, कोलनसाठी शिफ्ट दाबायचं राहतंय, आणि बाहेर साडेनऊपासून लोक उभे. पेन्शनवाले होते. एक आजोबा बायकोला दुपारी अ‍ॅडमिट करायचं म्हणून डिपॉझिटचे पैसे काढायला आले होते, छत्रीतून पाणी गळत होतं, आणि ते त्या मुलाला परत परत विचारत होते, "बाळा, किती वेळ लागेल सांग, म्हणजे मी दुसरीकडून बघतो." हे सगळं मला फोनवर ऐकू येत होतं. रूटचा पासवर्डसुद्धा मी स्पीकरवर सांगितला, सगळ्यांसमोर, दुसरा मार्गच नव्हता. सर्व्हर चालू झाला पावणेएकला. आजोबा तोपर्यंत निघून गेले होते.

आता मुद्दा. त्याच सर्व्हरच्या मागे, व्हीजीएच्या बाजूलाच, नऊ पिनांचा एक पोर्ट होता. सीरियल पोर्ट. पाच वर्षं त्यावर धूळ बसलेली, मी स्वतः त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्याचं सेटिंग आधी करून ठेवलं असतं आणि त्याला तीन-चारशे रुपयांची केबल लावून तिचं दुसरं टोक त्या मुलाच्या लॅपटॉपला जोडलेलं असतं, तर मी डोंबिवलीत बसून त्याच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून त्या लॅपटॉपमध्ये शिरलो असतो आणि सर्व्हर जिथे अडकलाय त्याच स्क्रीनवर स्वतःच्या हाताने ती एक ओळ दुरुस्त केली असती. सर्व्हरचं नेटवर्क चालू असायची गरज नाही, मॉनिटर नको, फोटो नको. सीरियल कन्सोल म्हणजे एवढंच, सर्व्हर जे मॉनिटरवर लिहितो ते तो या तारेतूनही पाठवतो आणि तारेतून आलेलं टायपिंग कीबोर्डसारखं घेतो. शिवाय हे सगळं साधं टेक्स्ट आहे, वर गेलेली ओळ पण लॅपटॉपच्या लॉगमध्ये राहते, कॉपी करून कोणाला पाठवता येते. पावसात मोबाइलचं नेट अगदी रडतखडत चालतं तेव्हा रिमोट डेस्कटॉपचं चित्र जागचं हलत नाही, पण टेक्स्ट जातं. ९६०० बॉड या स्पीडला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, म्हणजे ८० बाय २४ चा पूर्ण स्क्रीन दोन सेकंदांत. ११५२०० बॉडला सेकंदाला ११५२० अक्षरं. एवढ्या कमी डेटात आख्खा सर्व्हर हातात येतो.

साहेब, तुमच्या ऑफिसात जुनी माणसं असतील त्यांना पीटीआय-यूएनआयच्या टेलिप्रिंटरची खडखड आठवत असेल, कागदाची गुंडाळी सुटत जायची आणि एकेक अक्षर उमटायचं. लिनक्समध्ये आजही टर्मिनलच्या नावात जी 'टीटीवाय' अक्षरं दिसतात ती टेलिटाइपवरूनच आलीत. एका तारेवर एका वेळी एक बिट, एकामागोमाग एक. या जोडणीचं आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० सालचं. त्यानंतर दुनियेत काय काय येऊन गेलं पण ही तार अजून चालते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. सर्व्हरवर वेगळा ड्रायव्हर नको, आयपी अ‍ॅड्रेस नको, एकदा सेटिंग करून केबल लावली की बोलायला लागते. मला तरी हीच तिची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

त्या प्रसंगानंतर मी महिनाभरात चारही संस्थांमध्ये ही व्यवस्था केली. ते करताना कुठे कुठे अडकलो ते सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखं काम करणारी शेकडो मुलं या शहरात आहेत आणि मराठीत हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

सुरुवात केबलपासून. लॅमिंग्टन रोडला गेलो, आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतो म्हणून यूएसबी टू सीरियल केबल घेतली, दोन्हीकडून जुळेल अशी एक एक्स्टेंशन घेतली, लावली, काहीच नाही, काळा स्क्रीन. दोन संध्याकाळी वाया गेल्या. तिसऱ्या दिवशी परत त्याच दुकानात गेलो तर गल्ल्यावरच्या काकांनी केबल हातात घेऊन एकच विचारलं, "सरळ नेलीत की क्रॉस?" तिथेच उत्तर होतं. सर्व्हर आणि लॅपटॉप दोघंही तीन नंबरच्या पिनवर बोलतात आणि दोन नंबरच्या पिनवर ऐकतात. सरळ केबल लावली की दोघंही एकाच तारेवर बोलत बसतात आणि ऐकणाऱ्या तारेवर कोणीच नसतं. मध्ये नल मोडेम केबल लागते, जिच्यात दोन आणि तीन उलटसुलट जोडलेल्या असतात आणि पाच नंबर, म्हणजे ग्राउंड, सरळ. या तीन तारांवर काम होतं. काकांनी मल्टिमीटर लावून पिना मोजून दाखवल्या, पैसे पण फक्त केबलचे घेतले. केबल घेताना यूएसबीच्या टोकातली चिप नकली नाही ना ते बघा, नकली चिपवर विंडोजचा ड्रायव्हर चालायला नकार देतो आणि पिवळं चिन्ह दाखवून बसतो. आणि एक कळकळीची सूचना, रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डाच्या पिना थेट या पोर्टला लावू नका. त्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि आरएस-२३२ वर उणे आणि अधिक पंधरा व्होल्टपर्यंत असू शकतात. बोर्ड जागीच जातो. बोर्डाला पण यूएसबीवालीच केबल लावायची.

मग सेटिंग. लोकांना वाटतं एका जागी काहीतरी ऑन केलं की झालं, पण मशीन चालू झाल्यापासून लॉगिन येईपर्यंत स्क्रीन चार जणांच्या हातातून जातो, बायोस (मदरबोर्डवरचा पहिला प्रोग्रॅम), मग ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा), मग कर्नल (लिनक्सचा गाभा), मग लॉगिनचा प्रोग्रॅम, आणि प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं की बाबा तारेवर पण बोल. बायोसमध्ये 'कन्सोल रिडायरेक्शन' नावाचा ऑप्शन असतो, तो चालू करायचा, पोर्ट कॉम वन निवडायचा, स्पीड ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. तिथेच खाली 'बूट झाल्यानंतरही रिडायरेक्शन' अशा अर्थाचा एक ऑप्शन सापडतो, तो बंद ठेवा. मी चालू ठेवला होता तर ग्रबच्या मेन्यूचं प्रत्येक अक्षर दोनदा यायला लागलं, एकदा बायोसकडून आणि एकदा ग्रबकडून, आणि मी उगाच केबलला दोष देत बसलो.

त्यानंतर लिनक्समध्ये, ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते. आधी तिची कॉपी करून ठेवा, हे मी दहा वेळा सांगेन. तिच्यात ग्रबच्या टर्मिनलसमोर 'कन्सोल' आणि 'सीरियल' दोन्ही लिहायचं, म्हणजे मॉनिटरवरही मेन्यू दिसतो आणि तारेवरही. सीरियल कमांडमध्ये युनिट शून्य, स्पीड ११५२००. मग कर्नलच्या ओळीत कन्सोल दोनदा लिहायचा असतो, पहिला 'कन्सोल=टीटीवाय०' म्हणजे मॉनिटर, आणि दुसरा 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८' म्हणजे सीरियल. अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण जो शेवटी लिहिला तोच मुख्य कन्सोल धरला जातो. कर्नलचे मेसेज दोन्हीकडे येतात, पण नंतर सर्व्हिसेस सुरू होतानाचे मेसेज मुख्य कन्सोलवर जातात. क्रम उलटा झाला तर तुम्ही तारेवर नुसते बघत राहता, कर्नलच्या ओळी येतात आणि मग शांतता, आणि मशीन तिकडे बंद मॉनिटरवर आपलं दुखणं सांगत असतं. माझ्यावर आली तशी वेळ आली तर नेमकं तेच हवं असतं जे दिसत नाही. म्हणून सीरियल शेवटी. फाइल सेव्ह करून डेबियन-उबंटूवर अपडेट-ग्रब चालवायचं, रेडहॅटच्या घरातल्या सिस्टीमवर ग्रब२-एमकेकॉन्फिग. लॉगिनसाठी हल्ली वेगळं काही करावं लागत नाही, कर्नलच्या ओळीत सीरियल कन्सोल दिसला की सिस्टेमडी, म्हणजे सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्रॅम, स्वतःच त्या पोर्टवर सीरियल-गेटी, म्हणजे लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम, चालू करतो. जुन्या मशीनवर मात्र इनिटटॅब फाइलमध्ये हाताने ओळ टाकावी लागायची, आणि अशी मशीन अजून शहरात चालू आहेत, मी बघितलीत.

लॅपटॉपच्या बाजूला विंडोज असेल तर पुटी हा प्रोग्रॅम उघडायचा, सीरियल निवडायचं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जो कॉम नंबर दिसतो तो टाकायचा. लिनक्स असेल तर 'स्क्रीन' किंवा 'मिनिकॉम' नावाचा प्रोग्रॅम. लिनक्सवर परवानगी नाही असं म्हणालं तर आपलं युजर नाव डायलआउट ग्रुपमध्ये घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. आता चिन्हं ओळखायला शिका, डोक्याचा ताप वाचतो. भलतीसलती चौकोनं, प्रश्नचिन्हं येतायत म्हणजे स्पीड जुळत नाही, केबल ठीक आहे. काहीच येत नाही म्हणजे केबल सरळ आहे नाहीतर पोर्ट दुसरा आहे, कित्येक सर्व्हरमध्ये दिसणारा पोर्ट टीटीवायएस१, म्हणजे दुसऱ्या नंबरचा, निघतो. आणि सगळं व्यवस्थित दिसतंय पण टाइप केलेलं काही जात नाही, हा प्रकार मला सगळ्यात जास्त छळून गेला, म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू आहे. तीन तारांच्या केबलमध्ये 'पाठवू का' हे विचारणारी आणि 'पाठव' म्हणणारी तार नसतेच, त्यामुळे प्रोग्रॅम परवानगीची वाट बघत बसतो. मिनिकॉममध्ये ते सेटिंग आधीपासूनच चालू असतं, बंद करा. नेटवर्क स्विचची गोष्ट निराळी, त्यांची फिकट निळी चपटी केबल येते, दिसायला लॅनच्या सॉकेटसारखी, आणि त्यांचा स्पीड बहुतेक वेळा ९६०० असतो.

पूर्ण गोठलेल्या मशीनवरही या तारेचा उपयोग होतो. कर्नलमध्ये सिसआरक्यू, म्हणजे थेट कर्नलला हुकूम द्यायची सोय, चालू ठेवलं असेल तर तारेवरून ब्रेक सिग्नल पाठवायचा आणि पाच सेकंदांच्या आत एक अक्षर दाबायचं. एस दाबलं की डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून घेतो, यू दाबलं की डिस्क फक्त वाचण्यापुरत्या ठेवतो, बी दाबलं की रीबूट. दर वेळी पहिलं ब्रेक, मग अक्षर. वॉचमन काकांना पॉवरचं बटण दाबून धरायला सांगण्यापेक्षा हे हजार पटीने बरं, डेटाबेस तरी वाचतो.

आता कोणी म्हणेल की नवीन सर्व्हरमध्ये मॅनेजमेंटची वेगळी चिप असते, वेगळा लॅन पोर्ट असतो, त्यातून सगळं दिसतं. खरं आहे, आणि असेल तर जरूर वापरा, त्या चिपशी बोलायच्या आयपीएमआय पद्धतीतलं सीरियल ओव्हर लॅन म्हणजे हीच तार नेटवर्कवरून. पण छोट्या संस्थांत होतं काय की कोटेशन कमी करायला आधी रिमोट स्क्रीनचं लायसन्स उडवतात, आणि जो लॅन पोर्ट आहे तो पण त्याच स्विचला, त्याच राउटरला, त्याच यूपीएसवर लावतात. मग ज्या दिवशी राउटर गेला त्या दिवशी दोन्ही रस्ते एकदम बंद. हे फक्त छोट्यांचंच होतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळं सहाएक तास बंद होतं, आपल्याकडे रात्र होती, सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा त्या कंपनीने स्वतः सांगितलं की अडचणीच्या वेळी वापरायचं वेगळं नेटवर्क पण चाललं नाही आणि इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. त्यांची माणसं निदान तिथे पोचू शकली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, किंवा १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास आख्ख्या मुंबईची लाइट गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या त्या दिवशी, डोंबिवलीचा माणूस लालबागला कसा पोचणार होता? आणि क्लाउडवर गेलं की सुटलो असंही नाही, अ‍ॅमेझॉनने सुद्धा आपल्या क्लाउड सर्व्हरसाठी सीरियल कन्सोल २०२१ मध्ये आणला, म्हणजे गरज त्यांनाही पटली.

म्हणून दुसरा रस्ता खरोखर दुसरा पाहिजे. आम्ही काय केलं, हॉस्पिटलातून भंगारात काढलेला एक जुना लॅपटॉप घेतला, त्याची बॅटरी दोन तास टिकते, त्यात लिनक्स टाकलं, सीरियलची केबल कायमची लावून ठेवली, आणि नेटसाठी वेगळ्या कंपनीचं सिम घालून एक डोंगल. सिमला बाहेरून थेट पोचता येत नाही म्हणून तो लॅपटॉपच आतून माझ्या मशीनकडे एसएसएचचं टनेल, म्हणजे मला परत आत यायचा रस्ता, उघडून ठेवतो. लाइट गेली, यूपीएस गेला, तरी हा डबा जागा असतो, आणि लाइट आल्यावर सर्व्हर उठताना काय काय बोलला ते पहिल्या ओळीपासून लिहून ठेवतो. तो लॉग पहिल्यांदा सलग वाचला तेव्हा मला कळलं की हॉस्पिटलच्या सर्व्हरमधली एक डिस्क प्रत्येक बूटला कुरकुर करत होती. दोन आठवड्यांत बदलून टाकली.

सुरक्षेचं मात्र नीट बघायला हवं, त्यात मी कोणाचं ऐकणार नाही. सीरियलची केबल उपटली म्हणून आत केलेलं लॉगिन आपोआप सुटत नाही. तुम्ही रूटने शिरलात, काम झालं, केबल काढून घरी गेलात, आणि उद्या दुसऱ्या कोणी केबल लावली तर त्याच्यासमोर थेट रूटचा प्रॉम्प्ट येतो. म्हणून प्रत्येक वेळी एक्झिट करायचं आणि वर शेलला, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमला, टाइमआउट पण लावायचा. ग्रबला पासवर्ड घाला. मॅनेजमेंट चिपचा फॅक्टरीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि ती कधीही उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. आणि तो लॅपटॉप ज्या खोलीत आहे तिला कुलूप पाहिजे, चावी कोणाकडे ते वहीत लिहिलेलं पाहिजे.

माझी विनंती दोघा-तिघांना आहे. पहिली पतसंस्था, शाळा आणि ट्रस्टच्या कमिटीवरच्या मंडळींना. तुम्ही पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघता, मीटर बॉक्स वर उचलता, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलता, त्याच मीटिंगमध्ये आपल्या इंजिनिअरला एवढं विचारा की नेटवर्क बंद आहे, तू ऑफिसला येऊ शकत नाहीस, सर्व्हर उठत नाहीये, तर तुला त्याचा स्क्रीन कुठून दिसणार? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, करून दाखवायला सांगा. दुसरी विनंती हार्डवेअर-नेटवर्किंगचे कोर्स चालवणाऱ्यांना. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन मुलं कामाला येतात, चांगली हुशार असतात, राउटरला निळी केबल कशी लावायची ते त्यांना शिकवलेलं असतं, पण सर्व्हरला पण असा पोर्ट असतो आणि तो चालू कसा करायचा हे एकालाही माहीत नसतं. एका दिवसाचं प्रॅक्टिकल आहे हो. एक जुना पीसी, एक नल मोडेम केबल, मुद्दाम एफएसटॅबमध्ये चुकीची ओळ टाकून मशीन पाडायचं आणि तारेवरून उभं करायला लावायचं, मूल आयुष्यभर विसरणार नाही. आणि तुम्हाला, संपादक साहेब, एवढंच की पावसाळ्याच्या पुरवणीत अर्धा कॉलम याला द्या, एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्या, मी लिहायला सांगत असाल तर मी लिहीन.

आमच्या पतसंस्थेत आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सराव असतो. परवाच्या रविवारी त्या मुलाने मला न सांगता लॅनची वायर काढली, एफएसटॅबमध्ये एक खोटी डिस्क लिहिली, सर्व्हर रीबूट केला आणि फोन करून म्हणाला, "दादा, गेला, आता बघा." मी घरी जेवत होतो. ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला, तारेवर ओळी यायला लागल्या, दीड मिनिटाचं काउंटडाउन दिसलं, मग पासवर्डचा प्रॉम्प्ट. ओळीला हॅश टाकला, रीबूट केला, लॉगिन आलं. फोन ठेवल्यापासून सहा मिनिटं झाली होती, त्यातली चार मशीनचीच. मग त्याला म्हटलं आता मी बिघडवतो, तू कर, आणि त्याने केलं, व्हीआयमध्ये, मला एकदाही न विचारता. जाताना त्याने केबलच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंय, 'नल मोडेम, ११५२००, काढू नये'.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली पूर्व